गेम अडकतोय, बाय

मुरब्याच्या पुंडलिक पागधऱ्यांनी तीस वर्षं बोट हाकली. बोटीवरचा तांडेल म्हणजे सुकाणू धरणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा, खलाशांना घरी परत आणणारा. पाच वर्षांपूर्वी जाळं ओढताना त्यांचा उजवा खांदा निखळला, तो नीट बसलाच नाही. बोट पुतण्याकडे गेली आणि काका घरी बसले. पहिलं वर्ष ते रोज पहाटे उठून किनाऱ्यावर जात, बोटी निघाल्या की परत येत. नंतर तेही सोडलं.

त्यांचा मुलगा मेहुल आणि मी पालघरला डिप्लोमाला एकाच वर्गात होतो. तो पुढे मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये लागला. सात-आठ महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी. मी शिरगावची, बागायत करणाऱ्या वाडीवाल्यांच्या घरातली, पण वाडीत माझं मन लागलं नाही. बोईसरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. कारखान्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर, कॉलनीतल्या पोरांचे गेमिंगचे पीसी, सगळं येतं माझ्याकडे.

मेहुलने घरी असताना स्वतःसाठी एक चांगला पीसी जुळवला होता. जहाजावर परत जाताना त्याच्या मनात आलं की बाबा दिवसभर नुसते ओट्यावर बसतात. त्याने त्यांना ट्रक चालवायचा गेम शिकवला. गेमसाठी मिळतं तसं जुनं स्टिअरिंग आणि पायाखालची पॅडल आणून दिली. परदेशातले रुंद रस्ते, मागे वीस टनांचा माल, शेतं, पवनचक्क्या, दूरवर डोंगर. काकांना ते इतकं आवडलं की दुपारी जेवून हात धुतले की ते टेबलाशी बसत. नवसीकाकी, त्यांची बायको, बाहेर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत असायची. आत काका जर्मनीतून इटलीला सिमेंट नेत असायचे.

"वाऱ्याकडं बघायला नको, भरतीची वाट बघायला नको," ते मला एकदा म्हणाले. "रस्ता जागचा हलत नाय. मजा हाय बाय."

मला ते बाय म्हणत. आमच्या किनाऱ्यावर लेकीला, सुनेला, ओळखीच्या पोरीला तसंच म्हणतात.

गणपती गेल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेहुलचा जहाजावरून मेसेज आला. बाबांचा गेम अडकतो म्हणतात, जरा बघशील का. मी काकांना फोन लावला.

"अडकतोय म्हणजे काय होतं, काका?"

"ट्रक सरळ चाललेला असतो. मधेच अडकतो, आनि एकदम उडी मारून पुढं जातो. बघतो तर मी गवतात."

हे वर्णन मी दिवसातून चार वेळा ऐकते. गेमचं चित्र क्षणभर थांबतं आणि मग झटक्यात पुढे सरकतं, त्याची कारणं शंभर असतात. मी दुकानातूनच इंटरनेटवरून त्यांचा पीसी उघडला. मेहुल वेगवेगळ्या कंपन्यांचे गेम घ्यायचा, आणि हल्ली प्रत्येक कंपनीचा आपापला लाँचर असतो. लाँचर म्हणजे गेमच्या आधी उघडावा लागणारा प्रोग्राम. गेम उतरवून घेतो, अपडेट करतो, मित्रांची यादी दाखवतो, नव्या गेमच्या जाहिराती दाखवतो. काकांच्या पीसीवर असे चार लाँचर होते, आणि पीसी चालू होताच चारही आपोआप चालू होत होते.

गिऱ्हाईक मला नेहमी विचारतं की लाँचरमुळे गेम हळू होतो का. खरं उत्तर असं आहे की मशीन बरं असेल तर फारसा नाही. थोडी मेमरी खातो, मागे बसून काही उतरवत बसला तर अडथळा करतो, एवढंच. मेहुलचं मशीन बरं होतं. पण त्याने चार ठिकाणी वाचलं होतं की लाँचर हेच सगळ्या दुखण्याचं मूळ, आणि मला समोर चार लाँचर दिसत होते. दिसलेली चूक दुरुस्त करायला माणसाला बरं वाटतं. तीन लाँचर मी काढून टाकले. चौथा ट्रकच्या गेमचाच होता, तो ठेवावा लागला.

"झालं काका," मी सांगितलं. "आता नाही अडकायचा."

आठवडाभराने त्यांचा फोन आला, मुद्दाम बरं झालं सांगायला. आता मस्त चालतोय म्हणाले. मीही खूश झाले.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच सुरू झालं. त्याच महिन्यात सातपाटीहून येताना काकांची स्कूटर एका मोरीच्या कठड्यावर आदळली. कुत्रं आडवं आलं असं त्यांनी घरी सांगितलं. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. मला ते फोनवर हसत हसत सांगितलं आणि लगेच गेमवर आले.

"उरलेला लाँचर पन काढता येत नाय काय?"

मेहुलचंही तेच चाललं होतं. जहाजाला इंटरनेट मिळालं की तो मला लिंका पाठवायचा. इथे बघ, एकाने लाँचर बंद करून खेळला तर पंधरा टक्के फरक पडला म्हणतोय. तिथे बघ, दुसरा म्हणतो लाँचरची ती मित्रांची खिडकी बंद करा. डिसेंबरात मी पुन्हा पीसी उघडला. लाँचर इंटरनेटशिवाय चालेल असा केला, त्याच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, ग्राफिक कार्डाचं सॉफ्टवेअर नवं घातलं. गेम किती सुरळीत चाललाय याची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रामही चढवला. तीन दिवसांनी ती नोंद पाहिली. तिची रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती. मी मेहुलला लिहिलं, मशीन ठीक आहे. मशीन ठीक असेल तर काका रोज अडकतो का म्हणतात, हा पुढचा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

मेहुलने बापाला झाडलं. ते मला नंतर कळलं. तुम्हीच कुठलं तरी बटण दाबता आणि लाँचर परत चालू करता, असं तो म्हणाला. काका म्हणाले, असंल.

जानेवारीत एका रविवारी मी स्वतः मुरब्याला गेले. दुकान बंद होतं, आणि खरं सांगायचं तर मेहुलच्या मेसेजना मी कंटाळले होते. एकदाच समोर बसून मोजायचं आणि हा विषय संपवायचा, असं ठरवून गेले.

घरात शिरताना वलांडीवर बोंबील होते आणि काकी ते उलटत होती. "आली काय," ती म्हणाली. "त्याला सांग जरा. दिसभर त्या चाकाला धरून. हाक मारली तर ओ देत नाय. बहिरा झालाय त्या गेमपायी."

"आज बघतेच काकी," मी म्हणाले.

काका तयारच बसले होते. स्वच्छ बनियन, केस ओले करून विंचरलेले, जणू डॉक्टर येणार होता. मी वही काढली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतील असं केलं. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर उमटतात ते त्या आकड्यावरून कळतं. साठ असतील तर डोळ्याला सगळं सलग दिसतं. शेजारी ती नोंदीची रेघही ठेवली.

आधी लाँचर पूर्ण उघडा ठेवून चालवायला सांगितलं, जाहिराती, यादी, सगळ्यासकट. काकांनी एका बंदरातून कागदाचे रोल उचलले आणि निघाले. वीस मिनिटं. सरासरी सत्तावन्न. मग लाँचर मागे चालू, खिडक्या बंद. अठ्ठावन्न-एकोणसाठ. मग लाँचर पुरता बंद करून गेम चालवला. साठ.

"किती फरक?" त्यांनी रस्त्यावरून नजर न काढता विचारलं.

"तीन चित्रांचा. डोळ्याला कळायचाही नाही."

"मंग अडकतो कशानं?"

मी काही बोलणार एवढ्यात त्यांचा डावा हात चाकावरून खाली आला. मला वाटलं खाजवतायत. त्या हाताने बनियनची कड चिमटीत धरली आणि ते ती चोळू लागले. हळूहळू, पुन्हा पुन्हा. ओठ हलत होते, काही चघळत असल्यासारखे. डोळे पडद्यावर होते. पडद्यावर ट्रक सरळ रस्ता सोडून कडेला गेला, कठड्याला घासला, तसाच घासत राहिला. उजवा पाय पॅडलवर तसाच दाबलेला. वेग कमी झाला नाही. कोपऱ्यात आकडा साठ, साठ, साठ.

"काका," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही.

"काका."

पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मग त्यांनी डोळे मिचकावले, हात चाकावर परत गेला, आणि ते माझ्याकडे वळले.

"बघितलंस? अडकला. आत्ता सरळ होतो, आनि बघ कुठं जाऊन पडलो."

माझ्या हातात वही होती. रेघेकडे पाहिलं. त्या वीस सेकंदांत तिच्यात एक खाचसुद्धा नव्हती.

चुकून तसं दिसलं असेल, असं स्वतःला समजावलं. पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून त्यांच्या तोंडाकडे लावून ठेवला. अजून थोडं चालवा म्हटलं. त्यांनी आनंदाने चालवलं. मला डोंगरातला बोगदा दाखवला, एक पूल दाखवला, इथं एकदा बर्फात फसलो होतो म्हणाले. पाऊण तासाने पुन्हा तेच झालं. तसाच हात खाली, तशीच बनियनची कड, तसेच ओठ. याही वेळी मी दोनदा हाक मारली.

काकी चहा घेऊन आली तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "काकी, असं गेम नसताना होतं कधी? जेवताना वगैरे?"

"होतं की. घास हातात धरून बसतो. मी बोलत ऱ्हाते, ह्याचं डोस्कं त्या ट्रकात."

"कधीपासून?"

तिने कप खाली ठेवला. "गनपतीच्या आधीपासनं असंल."

मेहुलला आधी सांगावं की काकांना, याचा मी बराच विचार केला. पण ते तोंड त्यांचं होतं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो व्हिडिओ एकदा पाहिला. मग मला परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"हा मी हाय?"

"हो काका."

"मला आठवत नाय हे." त्यांनी फोन कानाशी नेला. "तू मला हाक मारतेस ह्याच्यात."

"दोनदा मारली."

"ऐकूच आली नाय." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "आनि लाँचर बंद होता तवा?"

"बंद होता."

"मंग तो नव्हताच. उगाच पोरगा त्याच्या नावानं बोंबलत होता." ते हसले, आणि मग हसू तसंच तोंडावर राहिलं, काय करावं ते न कळल्यासारखं. "डोक्यात काय तरी हाय म्हनायचं."

"डॉक्टरला दाखवू या. साधंही काही असेल."

"स्कूटरला कुत्रं आडवं आलं नव्हतं, बाय," ते म्हणाले. "कसं आपटलो ते मला म्हायतीच नव्हतं. काय सांगायचं म्हनून कुत्रं सांगितलं."

मी स्कूटरची किल्ली मागितली. त्यांनी ती खुंटीवरून काढून दिली.

संध्याकाळी मेहुलचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. पलीकडे इंजिनांची घरघर होती, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागत होतं.

"पण तू लाँचर पूर्ण काढलास का?" तो म्हणाला. "नुसता बंद करून होत नाही, त्याच्या सर्व्हिसेस मागे चालू राहतात."

"मेहुल, गेम अडकत नाहीये."

"मग रॅम बघ ना. एक पट्टी काढून बघ."

"मेहुल, ऐक. गेम अडकत नाहीये. मी व्हिडिओ पाठवलाय, तो बघ."

व्हिडिओ पोहोचायला तासभर लागला. मग दोन निळ्या खुणा आल्या.

पालघरच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला आणि एवढा बोलका पुरावा घेऊन पेशंट रोज येत नाहीत असं म्हणाले. ही फिट आहे, माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. त्यांनी डोक्याचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्ट घ्यायला मी काकीबरोबर गेले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात गाठ होती. डॉक्टर हाताने दाखवत होते आणि काकी त्यांच्या हाताकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

बाहेर बाकड्यावर तिने मला विचारलं, "मी हाक मारायची, तवा त्याला खरंच ऐकू येत नव्हतं?"

"नाही काकी. त्या वेळात काहीच कळत नाही त्यांना."

"मी लय बोलले त्याला. एकदा ताट उचलून नेलं समोरचं. गेमला बसलास, गेमच खा म्हटलं." तिने पदर तोंडावर घेतला नाही, रडलीही नाही. "उपाशी झोपला. उठून काय बोलला नाय."

मी तिचा हात धरला. मला सांगायचं होतं की झाडणारी ती एकटी नव्हती. ते मला जमलं नाही.

मेहुल पुढच्या बंदरात उतरला आणि विमानाने आला. फेब्रुवारीत मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ निघाली तेवढी काढली, सगळी निघणारी नव्हती, आणि जात वाईट होती. मेहुलने सर्जनना विचारलं तेव्हा मी शेजारी उभी होते.

"आम्ही चार महिने आधी आलो असतो तर?"

सर्जन वयाने मोठे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "या जातीच्या गाठीत वर्षं मिळत नाहीत. लहान असताना काढली असती तर बोलण्यावर कमी परिणाम झाला असता. काही महिने जास्त मिळाले असते, कदाचित."

"किती?"

"ते कुणी सांगू शकत नाही."

मेहुल त्यांना थँक्यू म्हणाला आणि जिन्याने खाली गेला. लिफ्ट समोरच उभी होती.

खाली, गाड्या लावायच्या जागेत, त्याने मला त्याचा फोन दाखवला. बापाला पाठवलेले आवाजी मेसेज. त्यातला एक त्याने लावला. बाबा, किती वेळा सांगू, लाँचर बंद करून मग गेम लावायचा, तुमी ऐकतच नाय, मग माझ्याकडं रडायचं नाय. त्याखाली काकांचं उत्तर होतं, चार सेकंदांचं. बरं, करतो.

"हे मी त्यांना सांगत होतो," मेहुल म्हणाला. "ऑक्टोबर ते जानेवारी. हेच."

"मीही तेच सांगत होते."

"तू शेवटी गेलीस तरी."

"कंटाळून गेले होते मी. काळजीने नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तो काही तरी लागेल असं बोलेल, आणि बोलला असता तर मला चाललं असतं. तो म्हणाला, "चल, आईने काही खाल्लं नसेल."

काका घरी आले तेव्हा डोक्याला टोपी होती आणि त्यांना शब्द सापडत नव्हते. समजायचं सगळं, पण नाव तोंडात यायचं नाही. तीस वर्षं ज्यांनी मासळी अंधारात हाताला लागल्यावर ओळखली, त्यांच्यासमोर काकीने पापलेट धरलं की ते म्हणत, "हा, तो... आपला... पांढरा." काकीला आधी ते सोसायचं नाही, ती नाव चटकन सांगून टाकायची. नंतर ती वाट बघायला शिकली. कधी कधी पाच मिनिटं थांबायची, सुरी हातात धरून. आलंच नाही नाव, तर ती म्हणायची, "हाच, पांढरा," आणि कापायला घ्यायची.

फिट गोळ्यांनी कमी झाल्या. एप्रिलमध्ये त्यांनी खुणेने सांगितलं की ट्रक चालवायचाय. मेहुलने मला बोलावलं. तो स्वतः पीसी चालू करायला धजावत नव्हता. मी लाँचर उघडला, तो अपडेट घेत बसला, आम्ही तिघं त्याच्या निळ्या पट्टीकडे बघत राहिलो. मग गेम सुरू झाला. काकांनी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काकी दारातून आत आली.

पण ऑपरेशननंतर त्यांना उजवीकडचं वरच्या बाजूचं दिसत नव्हतं. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आमच्याच ध्यानात राहिलं नाही. उजवीकडच्या पाट्या, उजवीकडचा सिग्नल, सगळं त्यांच्यासाठी नव्हतंच. ते दोनदा समोरच्या गाड्यांवर गेले. तिसऱ्यांदा त्यांनी ट्रक कडेला घेतला, नीट, आरसा बघून, आणि इंजिन बंद केलं.

"बाबा, मी सांगतो ना तुमाला," मेहुल म्हणाला. "उजवीकडचं मी सांगतो. सिग्नल आला की बोलतो. चालवा तुमी."

काकांनी मान हलवली. खूप वेळ शब्द शोधला. "नको," म्हणाले. "त्यात... दुसऱ्याला लागंल."

"गेम आहे बाबा. कुणाला लागत नाही."

"मला म्हायती हाय," काका म्हणाले. हे वाक्य त्यांचं अगदी सरळ आलं. मग त्यांनी मेहुलच्या पाठीवर हात ठेवला आणि उठून ओट्यावर गेले. नंतर ते त्या खुर्चीवर बसले नाहीत.

मे महिन्यात ते आणि मेहुल रोज संध्याकाळी खाडीच्या तोंडापर्यंत चालत जात. मेहुल त्यांच्या उजव्या बाजूने चालायचा. गणपती झाले. दसऱ्यानंतर त्यांचं चालणं थांबलं, मग जेवण. नोव्हेंबरच्या बावीस तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास, काकी पाणी पाजत असताना ते गेले. मी दुकानात होते. मेहुलने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा गेले, जागृती," आणि मी शटर ओढून निघाले. स्मशानात पुतण्याची सगळी बोट आली होती. त्या दिवशी ती समुद्रात गेली नाही.

मेहुल जानेवारीत जहाजावर परत गेला. जायच्या आधी त्याने मला मुरब्याला बोलावून पीसी रिकामा करायला सांगितला. मी एकेक गोष्ट पुसत गेले. गेमची काकांची फाइल आली तेव्हा थांबले आणि त्याला विचारलं. त्यात त्यांनी किती किलोमीटर चालवलं त्याचा आकडा होता, एक्केचाळीस हजारांच्या वर. मेहुल तो बराच वेळ वाचत उभा राहिला.

"एवढं फिरले?"

"दीड वर्षात."

"ठेवू का कुठे?" त्याने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाला, "नको. मी उघडून बघत बसेन." मी पुसून टाकली. नंतर मला वाटलं की पेनड्राइव्हवर गुपचूप एक प्रत करून घ्यायला हवी होती. त्याने कधी तरी मागितली असती.

पीसी पालघरच्या एका शाळेला दिला. टेबल काकीला नको होतं, ते आम्ही तिघांनी उचलून पुतण्याच्या घरी नेलं. त्या जागी तिने सुक्या मासळीच्या टोपल्या लावल्या.

मेहुल आणि मी अजून बोलतो. पहिल्यासारखं नाही. तो आईची खबर विचारतो, मी सांगते. त्याने मला दोष दिला नाही. मी माफी मागितली नाही. एकदा लिहायला घेतली होती, पण ती तिकडे समुद्रावर, पाळीवरून थकून आल्यावर, तो एकटा वाचेल, या विचाराने पुसली.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी मुरब्याला जाते. मागच्या वेळी गेले तेव्हा काकी शेजारच्या हिराबरोबर सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, निवडत बसली होती. तिने मला पाट सरकवला. मीही निवडायला बसले. हिराची लेक बाळंतपणाला आली होती, त्याबद्दल दोघी बोलत होत्या, आणि मधेच काकी बोलता बोलता थांबली, हात सोड्यांच्या ढिगात तसाच. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, ओठांकडे, बोटांकडे.

"काकी?"

"काय गं?" ती लगेच म्हणाली. "इचार करत होते. बोल."

"काही नाही," मी म्हणाले, आणि पुढचा सोडा उचलला.